बुरशीपासूनचे औषध आणि बुरशीवरचे औषध

समजा, निवृत्तीला आलेले एक गुरुजी आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला. तेव्हापासून ते रोज रात्री जेवणानंतर ॲटॉर्वास्टॅटिनची ४० मिलिग्रॅमची एक गोळी घेतात. गोळीने त्यांना कधी काही त्रास दिलेला नाही. यंदाच्या पावसाळ्यात त्यांच्या कमरेला आणि जांघेत गजकर्ण झाले. औषधाच्या दुकानातून आणलेली दोन-तीन मलमे लावून झाली, पण चट्टे पसरतच गेले. शेवटी ते त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि त्या काही आठवडे घ्यायला सांगितल्या. चट्टे सुकू लागले. पण तिसऱ्या आठवड्यात गुरुजींच्या मांड्या भरून येऊ लागल्या. वर्गाचा जिना चढताना कठड्याला धरावे लागू लागले. 'वय झाले' असे म्हणून गुरुजींनी ते अंगावर काढले आणि घरच्यांनी तेल चोळून दिले.

या गोष्टीत हृदयरोगाचे डॉक्टर चुकलेले नाहीत आणि त्वचेचे डॉक्टरही निवडीत चुकलेले नाहीत. चूक झाली ती एवढीच, की एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिली नाही आणि गुरुजींना ती दाखवावी असे वाटले नाही. 'त्वचेच्या दुखण्याचा हृदयाच्या गोळीशी काय संबंध?' असा विचार कोणीही करील. तो संबंध आपल्या यकृतात आणि लहान आतड्याच्या भिंतीत आहे. तो समजून घ्यायचा तर आधी ही दोन औषधे मुळात काय करतात ते पाहू या.

कोलेस्टेरॉल आपण खातो त्यापेक्षा जास्त शरीर स्वतःच तयार करते. हे काम प्रामुख्याने यकृतात चालते आणि ते सुमारे ३० पायऱ्यांचे आहे. प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, एका रेणूचे दुसऱ्या रेणूत रूपांतर करते. या जिन्याचा शोध लावणाऱ्यांपैकी कॉनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांना १९६४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जिन्याच्या सुरुवातीलाच एक अरुंद पायरी आहे. तेथील विकराचे नाव एचएमजी-सीओए रिडक्टेज. ही पायरी अडवली की पुढचे सगळे काम मंदावते.

ती अडवणारा पदार्थ जपानमधील अकिरा एंडो यांनी शोधला. लहानपणी अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र वाचून त्यांना बुरशीचे वेड लागले होते. बुरशीला इतर सूक्ष्मजीवांशी झगडावे लागते. तेव्हा शत्रूचा हा जिनाच बंद पाडणारे एखादे रसायन तिच्याजवळ असेल, असा त्यांचा तर्क होता. १९७१ पासून दोन वर्षे ते आणि त्यांचे सहकारी सुमारे ६००० सूक्ष्मजीव तपासत राहिले. अखेर पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीत हवा तो पदार्थ सापडला. ही बुरशी क्योटोतील एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर मिळाली होती. हा पहिला स्टॅटिन. तो स्वतः कधी बाजारात आला नाही. त्याचा जवळचा भाऊ लोवास्टॅटिन हा दुसऱ्या एका बुरशीपासून मिळाला आणि १९८७ साली अमेरिकेत विक्रीला आला. एंडो २०२४ साली वयाच्या ९०व्या वर्षी वारले.

आता गजकर्णाकडे वळू. गजकर्ण हा बुरशीचाच रोग आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल नको असते, त्याऐवजी एर्गोस्टेरॉल लागते. पण गंमत अशी की एर्गोस्टेरॉलचा जिना आणि आपला कोलेस्टेरॉलचा जिना बऱ्याच वाटेपर्यंत एकच आहे. लॅनोस्टेरॉल नावाच्या टप्प्यापर्यंत दोघे बरोबर चालतात आणि मग वाटा फुटतात. इट्राकोनॅझोल नेमके त्या फाट्यावर बुरशीचे एक विकर बंद पाडते.

हे विकर सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या कुटुंबातले आहे. या कुटुंबातल्या प्रत्येक विकराच्या पोटात, रक्तातल्या हिमोग्लोबिनप्रमाणे, लोहाचा एक अणू बसवलेला असतो. (नावातला 'पी' म्हणजे पिगमेंट, रंगद्रव्य. कार्बन मोनॉक्साइडशी जोडले असता हे रंगद्रव्य ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, म्हणून ४५०. इतके साधे नाव जीवरसायनशास्त्रात क्वचितच मिळते.) इट्राकोनॅझोल त्या लोहाला जाऊन चिकटते आणि विकर निकामी होते.

हेच कुटुंब आपल्या यकृतात आणि आतड्यातही नांदते. तेथे त्याचे काम बाहेरून आलेले परके रेणू मोडून शरीराबाहेर घालवण्याचे. त्यातले सीवायपी ३ए४ हे विकर सर्वांत कामसू. वापरातल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश ते निम्मी औषधे मोडण्यात त्याचा हात असतो. ॲटॉर्वास्टॅटिन आणि सिम्वास्टॅटिन त्याच्याच वाट्याला येतात. इट्राकोनॅझोलला बुरशीचे लोह आणि माणसाचे लोह यांत पुरता भेद करता येत नाही, त्यामुळे ते सीवायपी ३ए४ लाही जाऊन चिकटते. म्हणजे बुरशीवरचे औषध पोटात गेले की बुरशीपासून आलेल्या औषधाच्या वंशजाला मोडणारे हात बांधले जातात.

पण हात थोडेसे बांधले म्हणून एवढा फरक पडावा? पडतो, आणि का पडतो ते वर्गात चिंचोक्यांनी दाखवता येते.

शंभर चिंचोके घ्या. हा झाला औषधाचा एक डोस. १९ मुलांना ओळीत उभे करा. ही झाली आतडे आणि यकृत. डोस ओळीतून पुढे सरकताना प्रत्येक मुलाने पाच चिंचोके उचलून घ्यायचे. ओळीच्या टोकाला किती उरले? १०० वजा ९५, म्हणजे ५. एवढेच औषध रक्तात पोचले. सिम्वास्टॅटिनचे जवळपास असेच असते, त्याचा २० वा भागही रक्तात पोचत नाही. आणि गोळीची मात्रा हे गृहीत धरूनच ठरवलेली असते. आता १९ पैकी फक्त ४ मुलांना हाताची घडी घालायला सांगा. बाकीची १५ मुले ७५ चिंचोके उचलतील, २५ पुढे जातील. चारच मुले थांबली आणि रक्तातले औषध पाचपट झाले!

आता दुसरे औषध घ्या. त्याच्या वाटेवर दोनच मुले आहेत. ती १० उचलतात, ९० पुढे जातात. दोघांनीही हाताची घडी घातली तरी ९० चे १०० होतील, त्यापलीकडे काही नाही. म्हणून ज्या औषधाचा बहुतेक भाग वाटेतच मोडला जातो, त्याच्या बाबतीत अडथळा आणणारे दुसरे औषध फार महागात पडते. खऱ्या शरीरात हिशोब इतका सरळ नसतो, पण रोख हाच असतो. प्रत्यक्ष मोजमापांत इट्राकोनॅझोलबरोबर सिम्वास्टॅटिन घेतले तर रक्तातले प्रमाण दसपटीहून अधिक वाढलेले आढळले आहे. ॲटॉर्वास्टॅटिन तुलनेने सोसते, ते सुमारे ३.३ पट होते. आपल्या गुरुजींच्या ४० मिलिग्रॅमला ३.३ ने गुणा. १३२ मिलिग्रॅम झाले. ॲटॉर्वास्टॅटिनची दिवसाची कमाल मात्रा ८० आहे. गुरुजी गोळी एकच घेत होते, शरीर तीन मोजत होते.

रक्तात स्टॅटिन असे साचले की त्याचा त्रास मुख्यतः स्नायूंना होतो. आधी दुखणे, मग जडपणा आणि अशक्तपणा. फार क्वचित स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यांतले मायोग्लोबिन हे लाल प्रथिन रक्तात उतरते, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकते आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. तेव्हा मात्र तेल चोळत बसायचे नसते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. नुसत्या स्टॅटिनने असे होण्याचे प्रमाण वर्षाला लाखात मोजक्या माणसांएवढे आहे. जे होते त्यातल्या बऱ्याच प्रसंगी दुसरे एखादे औषध सोबतीला असते.

याची सर्वांत मोठी आणि दुःखद नोंद २००१ सालची आहे. सेरिवास्टॅटिन नावाचा स्टॅटिन तेव्हा बाजारात होता. ट्रायग्लिसराइड कमी करण्यासाठी जेमफायब्रोझिल नावाचे औषध देतात. दोन्ही औषधे मेदावरची, म्हणून ती एकाच रुग्णाला दिली जाणे स्वाभाविक होते. पण जेमफायब्रोझिल हे सेरिवास्टॅटिन मोडणाऱ्या दुसऱ्या एका विकराला (सीवायपी २सी८) बंद पाडते. सुमारे ५२ मृत्यूंची नोंद झाल्यावर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीने ते औषध परत घेतले. आजही जेमफायब्रोझिल आणि स्टॅटिन ही जोडी शक्यतो टाळतात. गरज पडलीच तर त्याच गटातले फेनोफायब्रेट वापरतात, कारण त्याचा असा अडथळा होत नाही.

हात बांधणारी औषधे आणखीही आहेत आणि त्यातली काही अगदी नेहमीची. जठराच्या व्रणाला कारण होणाऱ्या जंतूवर जे औषधांचे किट देतात त्यात पुष्कळदा क्लॅरिथ्रोमायसिन असते. ते आणि एरिथ्रोमायसिन दोन्ही सीवायपी ३ए४ ला अडवतात. त्यांचेच भावंड ॲझिथ्रोमायसिन जवळजवळ अडवत नाही, म्हणून घसा-छातीच्या दुखण्यात डॉक्टरांना पर्याय मिळतो. रक्तदाबावरची डिल्टियाझेम व वेरापामिल, हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमियोडॅरोन, एचआयव्हीच्या उपचारातले रिटोनाविर, मूत्रपिंडाच्या रोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन ही सगळी या यादीत बसतात. संधिवातातल्या गाऊटसाठी देतात ते कोल्चिसीन स्वतःच स्नायूंना त्रास देऊ शकते, त्यामुळे दोन्ही मिळून धोका वाढतो. उलट मेटफॉर्मिन, कमी मात्रेचे ॲस्पिरिन, तापाचे पॅरासिटॅमॉल, थायरॉइडची गोळी यांच्याशी स्टॅटिनचे भांडण नाही. (थायरॉइड कमी असून उपचार होत नसेल तर मात्र स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा संभव वाढतो. कोलेस्टेरॉल वाढायलाही तेच कारण असू शकते.)

फळांचेही एक उदाहरण आहे. ते सापडले अपघातानेच. कॅनडातील डेव्हिड बेली हे फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळले, आणि तुलनेसाठी काही जणांना नुसता रस दिला. दोन्ही गटांत औषधाचे रक्तातले प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. १९८९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता! ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. ती आतड्याच्या भिंतीतले सीवायपी ३ए४ कायमचे मारून टाकतात. शरीराला नवे विकर तयार करायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून 'रस सकाळी, गोळी रात्री' या युक्तीचा उपयोग नाही. रोज एक पेला रस घेतल्यास सिम्वास्टॅटिन साडेतीन पटीच्या आसपास जाते.

आपल्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातो, असे म्हणाल. पण ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झाला आहे, आणि ही द्रव्ये त्याच्याकडे पपनसाच्या घराण्यातून आली. गणपतीच्या दिवसांत कोकणात आणि गोव्यात माटोळीला पपनस बांधतात आणि नंतर ते साखर-मीठ लावून खातात. सणाच्या दोन फोडींनी कोणाला काही होईल असे नाही, पण रोज पपनसाचा रस पिण्याचा नेम ॲटॉर्वास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन घेणाऱ्याने धरू नये. नागपुरी संत्र्याला मात्र भिण्याचे कारण नाही. त्याच्या घराण्यात ही द्रव्ये नगण्य असतात.

आतापर्यंत औषध वाढण्याचेच प्रकार पाहिले. उलटही घडते. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यकृताला जास्त विकरे तयार करायला लावते. आपल्या चिंचोक्यांच्या खेळात ओळीत आणखी मुले आणून उभी करावीत तसे. सहा महिन्यांच्या क्षयरोगाच्या उपचारात हृदयरोग्याची स्टॅटिनची गोळी रोज पोटात जाते, पण तिचा प्रभाव पुष्कळच घटलेला असतो. त्याला काहीही दुखत नाही, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. पित्तावरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची पांढरी औषधे तर यकृतापर्यंत जाण्याची वाटही पाहत नाहीत. रोसुवास्टॅटिनबरोबर घेतली तर त्याचे शोषणच निम्म्यावर येते. तेथे मात्र वेळ बदलण्याची युक्ती चालते: गोळीनंतर दोन तासांनी ते औषध घ्यावे.

रोसुवास्टॅटिनचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगतो. ते सीवायपी ३ए४ वर फारसे अवलंबून नाही, त्यामुळे इट्राकोनॅझोलबरोबर ते थोडेसेच वाढते. पण भारतीयांसह आशियाई लोकांच्या रक्तात त्याच मात्रेला त्याचे प्रमाण गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट आढळते. म्हणून आशियाई रुग्णांत ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करण्याची शिफारस त्याच्या माहितीपत्रकातच आहे.

एवढे वाचून कोणी 'नकोच ती गोळी' म्हणेल, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४४४४ हृदयरोग्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत पोकळ गोळीच्या गटात २५६ माणसे दगावली, स्टॅटिनच्या गटात १८२. ज्याला एकदा हृदयविकार झाला आहे त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

शिवाय प्रत्येक दुखणे गोळीचेच असते असेही नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका प्रयोगात, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसे घेतली होती. त्यांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार पोकळ गोळ्यांच्या, चार रिकाम्या. रिकाम्या महिन्यांत त्रासाचा सरासरी आकडा १०० पैकी ८ होता. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४! त्रास खोटा नव्हता, माणसांना तो खरोखर होत होता. पण त्यातला ९० टक्के भाग गोळी घेण्याच्या धास्तीतून आलेला होता, औषधातून नव्हे. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. मग खरे दुखणे ओळखायचे कसे? दोन्ही बाजूंच्या मांड्या किंवा दंड सारखेच दुखत असतील, जिना चढणे वा मांडी घालून बसल्यावर उठणे अवघड होत असेल, आणि हे सगळे एखादे नवे औषध सुरू झाल्यावर काही दिवस-आठवड्यांत आले असेल, तर संशय घ्यावा. मग क्रिएटिन कायनेज नावाची साधी रक्ततपासणी उलगडा करते.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे ती नावांची. एकच ॲटॉर्वास्टॅटिन कित्येक कंपन्यांच्या नावांनी मिळते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्येही ते घातलेले असते. त्यामुळे एका डॉक्टरांची गोळी आणि दुसऱ्यांची कॅप्सूल घेणारा माणूस तेच औषध दोनदा घेत असू शकतो. पाकिटावरचे मोठे नाव सोडून त्याखालचे बारीक अक्षरातले नाव वाचावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे, दातांच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडेसुद्धा, ती वही न्यावी. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्याही त्या वहीत याव्यात. कोलेस्टेरॉलसाठी लाल यीस्टचा तांदूळ म्हणून जे मिळते, त्यातले मोनाकोलिन-के म्हणजे दुसरे काही नसून लोवास्टॅटिनच आहे.

गुरुजींच्या हातात अशी वही असती तर काय झाले असते? त्वचारोगतज्ज्ञांनी कदाचित टर्बिनाफिनचा विचार केला असता. ते बुरशीच्या जिन्याची वेगळीच पायरी अडवते आणि सीवायपी ३ए४ ला हात लावत नाही. पण भारतात आज पसरलेल्या गजकर्णाची बुरशी, ट्रायकोफायटन इंडोटिनी, पुष्कळदा टर्बिनाफिनला दाद देत नाही, म्हणूनच इट्राकोनॅझोलची पाळी येते. मग त्यांनी हृदयरोगाच्या डॉक्टरांना फोन केला असता. त्यांनी ॲटॉर्वास्टॅटिनची मात्रा २० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली असती किंवा तेवढ्यापुरते रोसुवास्टॅटिन दिले असते. इट्राकोनॅझोल शरीरात रेंगाळते, त्यामुळे कॅप्सूल संपल्यावरही सुमारे दोन आठवडे तीच व्यवस्था ठेवून मग जुनी गोळी पूर्ववत सुरू केली असती.